रोजचा कोटा संपल्यानंतर ग्राहकाने काय करायचे? खान्देशातून ट्रायला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सदस्य,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, नवी दिल्ली

माहितीसाठी: सर्व मोबाईल कंपन्यांची महाराष्ट्र व गोवा सर्कलची कार्यालये

महोदय,

आम्ही जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत मोबाईल रिचार्ज आणि दुरुस्तीची दुकाने चालवतो. डेटा व्हाउचर, म्हणजे कोटा संपल्यावर घ्यायचा जादा डेटा, विकले की आम्हाला कमिशन मिळते. ग्राहकाचे नेट जितक्या लवकर संपेल तितका आमचा धंदा वाढतो. तरीही हे पत्र लिहावे लागत आहे, कारण "भाऊ, नेट सरी गयं, पैसा कथा गयात?" (नेट संपले, पैसे कुठे गेले?) असे विचारणाऱ्याला देण्यासारखे सरळ उत्तर कंपन्यांच्या अटींत नाही आणि आपल्या नियमांतही सापडत नाही.

डेटाला मर्यादाच नको, असे आमचे म्हणणे नाही. टॉवरची क्षमता ठरलेली असते आणि संध्याकाळी सगळे गाव एकदम व्हिडिओ पाहू लागले की ती वाटून घ्यावी लागते, हे आम्ही जाणतो. आमचा आक्षेप मर्यादा ओलांडल्यानंतर जे होते त्याला आहे. मर्यादेच्या आतला भाव जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो, ग्राहक दोन कंपन्यांची तुलना करून तो निवडतो. मर्यादेपलीकडचा भाव, वेग आणि मुदत त्याला कळते ती तो अडल्यावर, आणि त्या वेळी निवडायला काही उरलेले नसते.

आधी भावाचा हिशेब मांडतो. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर एका मोठ्या कंपनीचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २९९ रुपयांना झाला आणि रोज दोन जीबीचा ३४९ रुपयांना. दोन्हींत कॉल आणि एसएमएस सारखेच. म्हणजे वरचे ५० रुपये फक्त जादा डेटाचे. रोजचा अर्धा जीबी गुणिले २८ म्हणजे १४ जीबी, आणि एका जीबीला पडले साडेतीन रुपयांच्या आसपास. त्याच कंपनीचे एक जीबीचे ॲड-ऑन व्हाउचर १५ वरून १९ रुपयांवर गेले, दुसऱ्या एका कंपनीचे १९ वरून २२ वर. तोच टॉवर, तोच फोन, तोच जीबी. आधी घेतला तर साडेतीन रुपये, संपल्यावर घेतला तर पाच पटींहून जास्त.

किरकोळ माल ठोकापेक्षा महाग असतो हे दुकानदार म्हणून आम्हाला कोणी शिकवायला नको. पण पाच पट फरक किरकोळीच्या खर्चाने पडत नाही. व्हाउचर छापावे लागत नाही, वाहून आणावे लागत नाही, शिल्लक माल म्हणून कुजत नाही. महिन्यातून दहा दिवस ज्या घरात दीड जीबी पुरत नाही, त्या घराचे २२ च्या हिशेबाने २२० रुपये जादा जातात. हे घर कोणते? जिथे एकाच फोनच्या हॉटस्पॉटवर मुलगी परीक्षेचा अभ्यास करते, मुलगा क्लासचे व्हिडिओ पाहतो आणि रात्री बाप केळीचा भाव बघतो. दुसरा फोन आणि दुसरे सिम ज्याला परवडते त्याला ॲड-ऑन लागतच नाही.

त्यात मुदतीची कात्री लागली. पूर्वी काही कंपन्यांचे एक जीबीचे व्हाउचर मूळ प्लॅन चालू असेपर्यंत टिकायचे. आज अशा बहुतेक छोट्या व्हाउचरची मुदत एक दिवस झाली आहे, आणि हा एक दिवस २४ तासांचा नसतो, रात्री १२ ला संपतो. रात्री दहाला घेतलेला एक जीबी दोन तासांत वापरा, नाहीतर गेला. ही अट दुकानात समजावून सांगताना ग्राहकाला वाटते की आम्हीच काहीतरी लपवतो आहोत.

ऑगस्ट २०२५ मध्ये रोज एक जीबीचे २४९ रुपयांचे प्लॅनही बंद करण्यात आले. कमी वापर असलेल्या माणसाला त्यामुळे वरच्या पायरीवर चढावे लागले. जो वरची पायरी चढू शकत नाही तो कमी डेटाच्या प्लॅनवर उतरतो, आणि मग त्यालाच ॲड-ऑनची गरज जास्त पडते.

आता वेगाबद्दल, कारण "कोटा संपला तरी नेट चालूच राहते" हा कंपन्यांचा ठरलेला जबाब आहे. रोजच्या कोट्याच्या बहुतेक प्लॅनच्या अटींत लिहिलेले असते की मर्यादेनंतर वेग ६४ केबीपीएस राहील. हा आकडा किलोबिटचा आहे. आठने भागा, सेकंदाला ८ किलोबाईट. एक एमबीला दोन मिनिटांहून जास्त, एका तासात जेमतेम २९ एमबी. तेही सिग्नल पूर्ण असेल आणि फोनमधले दुसरे एकही ॲप नेट ओढत नसेल तर.

या वेगात काय होते ते कामाप्रमाणे सांगतो.

ई-पीक पाहणीचे फोटो शेतात उभे राहूनच काढावे लागतात. आजच्या साध्या फोनचा फोटोही एक-दोन एमबीचा असतो. दोन एमबीला ६४ केबीपीएसवर सव्वाचार मिनिटे लागतात. तेवढा वेळ सर्व्हर थांबत नाही, मध्येच तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून. कापूस विकायला सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर जायचे तर आता "कपास किसान" ॲपवर नोंदणी आणि स्लॉट घ्यावा लागतो. तिथे कागदाचे फोटो चढवायचे असतात आणि ओटीपीची मुदत काही मिनिटांची असते. ओटीपी साध्या एसएमएसने लगेच येतो, पण तो टाकायचे पान उघडेपर्यंत बाद होतो. लाडक्या बहिणींची ई-केवायसी, शेतकरी ओळख क्रमांक, महाडीबीटीचा शिष्यवृत्ती अर्ज, अंगणवाडीचे पोषण ट्रॅकर, सगळ्यांची हीच गत.

यूपीआयला डेटा फारच थोडा लागतो, व्यवहार काही किलोबाईटचा. पण ॲप उघडताच ते आधी जाहिरातींची चित्रे, ऑफर आणि जुनी यादी ओढते. ६४ केबीपीएसची सगळी वाट त्यातच अडते आणि पैसे पाठवण्याची विनंती मागे राहते. शेवटी "पेंडिंग". भाजीवाल्याकडे पैसे आले नाहीत, गिऱ्हाईकाच्या खात्यातून गेले, आणि बाजारात दोघांची हुज्जत. सरकारने व्यवहार फोनवर आणले हे चांगलेच झाले. मग फोनवरचा किमान वेग किती असावा, हे ठरवणे सरकारी यंत्रणेचेच काम आहे.

आणि हे आपण एकदा केलेले आहे. ऑक्टोबर २०१६ च्या निर्देशात आपण वायरच्या ब्रॉडबँडसाठी स्पष्ट बजावले होते की वापराची मर्यादा संपली तरी डाउनलोड वेग ५१२ केबीपीएसच्या खाली न्यायचा नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँडची व्याख्या बदलून किमान वेग २ एमबीपीएस (सुमारे २००० केबीपीएस) केला. मोबाईलवर मर्यादेनंतर मिळणारे ६४ केबीपीएस त्याच्या तिसाव्या भागाइतकेही होत नाहीत. शहरातल्या फ्लॅटमध्ये वायर येते, म्हणून त्याला ५१२ चा आधार मिळाला. अक्कलकुवा, साक्री, यावल तालुक्यांतल्या गावात इंटरनेट म्हणजे मोबाईलच, आणि त्याच्या खाली कसलाच आधार नाही.

पन्नास पैसे प्रति एमबी हा दर वेगळाच जाच आहे. रोजचा कोटा नसलेल्या, म्हणजे महिन्याला एकूण दोन जीबी देणाऱ्या काही कंपन्यांच्या स्वस्त प्लॅनमध्ये डेटा संपला की वेग कमी होत नाही, मेन बॅलन्समधून पैसे कापले जातात. ५० पैशांनी एक जीबी ५१२ रुपयांना पडतो. बॅलन्स शून्य असेल तर नेट बंद पडते आणि माणूस वाचतो. पण समजा एखाद्याने एसएमएससाठी १० रुपयांचा टॉपअप टाकला. कर आणि शुल्क जाऊन हाती येतात ७ रुपये ४७ पैसे. डेटाचे बटण चालू राहिलेले असते. नेटवर्क दिसताच फोन पाठीमागे ॲप अपडेट, फोटोंचा बॅकअप, व्हॉट्सॲपचे अडलेले व्हिडिओ सुरू करतो. ७ रुपये ४७ पैशांत १५ एमबीसुद्धा बसत नाहीत. ग्राहकाने एकही पान उघडलेले नसते आणि टॉपअप गायब. दुकानात येऊन तो आम्हाला चोर म्हणतो. त्याला दोष देता येत नाही.

२०१५ पासून आपला नियम आहे की ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय डेटा सेवा सुरू करायची नाही, आणि १९२५ या क्रमांकावर एसएमएस करून ती बंद करता येते. नियम चांगला आहे. पण संमती एकदाच घेतली जाते, डेटा सुरू करताना. प्लॅनमधला डेटा संपून ५० पैशांचा दर लागू होतो त्या क्षणी कोणी विचारत नाही. जिथे भाव जीबीला ५१२ रुपये होतो, तिथेच विचारायला हवे.

रोजच्या कोट्याची पद्धत आमच्या भागाला किती जाचते, हे दिल्लीहून सहज दिसणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दीड जीबी गुणिले २८ म्हणजे ४२ जीबीचे पैसे ग्राहक पहिल्याच दिवशी मोजतो. पण तो ४२ जीबीचा मालक होत नाही. रात्री १२ ला त्या दिवसाचे उरलेले बुडते. सातपुड्यात धडगाव, मोलगीच्या आजूबाजूला असे अनेक पाडे आहेत जिथे आजही सिग्नल पोचत नाही किंवा एखाद्या टेकडीवरच लागतो. तिथला माणूस आठवडे बाजाराला खाली येतो तेव्हा नेट वापरतो. २८ दिवसांत चार बाजार धरले तर त्याच्या वाट्याला सहा जीबी येतात आणि ३६ बुडतात. २९९ रुपयांत सहा जीबी, म्हणजे जीबीला जवळपास पन्नास रुपये. बाजाराच्या दिवशी आठवड्याची सगळी कामे एकदम करायची असतात, म्हणून दीड जीबी दुपारीच संपतो आणि वर १९ चे व्हाउचर. सहा दिवसांचे न वापरलेले नऊ जीबी त्याच्याच नावावर असते तर ही वेळच आली नसती.

ऊसतोडीला किंवा मजुरीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांचेही असेच. दिवसभर फोन बंद, रात्री तासभर गावाकडे व्हिडिओ कॉल. रोजचा कोटा रोज थोडा थोडा बुडतो आणि सुट्टीच्या दिवशी पुरत नाही.

शिल्लक डेटा पुढे नेणे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, असे कोणी सांगू नये. पोस्टपेडला ही सोय अनेक वर्षे आहे. प्रीपेडमध्येही एक कंपनी २०२० पासून काही प्लॅनवर आठवड्याची शिल्लक शनिवार-रविवारी वापरू देते. गर्दीचे कारणही टिकत नाही. टॉवरवरची गर्दी त्या तासाची असते. सोमवारचा डेटा मंगळवारी वापरल्याने संध्याकाळची गर्दी तेवढीच राहते.

रोज दोन जीबी किंवा वरचा प्लॅन घ्या, ५जी अमर्याद मिळेल, असे सुचवले जाते. जिथे ५जीचा टॉवर आहे आणि हातात ५जीचा फोन आहे त्याच्यासाठी ते खरे आहे. चार हजारांच्या जुन्या ४जी फोनवाल्याला त्याच ३४९ रुपयांत रोज दोन जीबीच मिळतात.

सूचनांबद्दल थोडक्यात. पन्नास, नव्वद आणि शंभर टक्के वापराचे एसएमएस येतात, पण ते बहुतेक इंग्रजीत असतात आणि जाहिरातींच्या ढिगात हरवतात. किती उरले ते असते, यापुढे काय भाव आणि किती वेग ते ठळक नसते. फोनमधल्या मोजणीवर विसंबावे तर अनेक अँड्रॉइड फोनमध्ये डेटाची इशारा-मर्यादा महिन्याच्या चक्राची असते, रोजची लावता येत नाही. शिवाय फोनचा आकडा आणि कंपनीचा आकडा जुळत नाही. कंपनी आपल्या गेटवेवर, म्हणजे तिचे नेटवर्क इंटरनेटला जोडणाऱ्या यंत्रावर, मोजते. तिथून निघालेले डेटाचे पाकीट (पॅकेट) कमजोर सिग्नलमुळे फोनपर्यंत पोचले नाही आणि पुन्हा पाठवावे लागले, तरी गेटवेवर दोनदा मोजले जाऊ शकते. फरक मोठा नसतो, पण जिथे सिग्नल एका काडीचा आहे तिथे तो वाढतो. खराब नेटवर्कचा भुर्दंड ग्राहकाच्या कोट्यातून वसूल होणे आम्हाला मान्य नाही.

नेटवर्क बंद पडण्याचा मुद्दाही याला जोडूनच आहे. २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांत आपण भरपाई आणली, प्रीपेडची मुदत वाढवून देण्याची तरतूद केली, त्याबद्दल आभार. मात्र ती जिल्हा पातळीवर सलग २४ तासांपेक्षा जास्त सेवा बंद राहिली तरच लागू होते. आमच्याकडे असे होत नाही. वीज जाते, टॉवरची बॅटरी उतरते, जनरेटरला डिझेल नसते आणि चार-पाच गावांचे नेटवर्क संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत जाते. जिल्हा चालू, म्हणून भरपाई नाही. मध्यरात्री नेटवर्क येते तेव्हा त्या दिवसाचा कोटा बुडालेला असतो.

दर ठरवणे कंपन्यांवर सोडलेले आहे आणि आपण त्यात पडत नाही, हे धोरण आम्हाला माहीत आहे. आम्ही दर ठरवून मागत नाही. पण जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा किमान एक प्लॅन द्यावा, असा आदेश आपणच काढला. डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल-एसएमएसचे व्हाउचर सक्तीचे केलेत. म्हणजे ग्राहकाच्या हितासाठी प्लॅनचा साचा बदलायला आपला हात पोचतो. तो याही प्रश्नापर्यंत पोचावा.

आमच्या मागण्या अशा:

१. मोबाईलवर मर्यादेनंतरचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली जाऊ नये. वायरच्या जोडणीला जो नियम, तोच बिनवायरच्या जोडणीला. हे एकदम जमत नसेल तर पहिल्या टप्प्यात यूपीआय आणि सरकारी सेवांची संकेतस्थळे व ॲप कोटा संपल्यावरही पूर्ण वेगाने चालावीत.

२. एक-दोन जीबीच्या ॲड-ऑनची मुदत मूळ प्लॅनइतकी असावी. एक दिवसाचे विकायचेच असेल तर तो दिवस घेतल्यापासून २४ तासांचा असावा.

३. रोजच्या कोट्याची शिल्लक प्लॅनची मुदत संपेपर्यंत ग्राहकाच्या नावावर राहावी. किंवा प्रत्येक कंपनीने २८ आणि ३० दिवसांचा किमान एक प्लॅन असा द्यावा, ज्यात तितकाच एकूण डेटा त्याच किमतीत, रोजच्या बंधनाशिवाय मिळेल. निवड ग्राहक करेल.

४. मेन बॅलन्समधून प्रति एमबी कापणी मुळातच बंद ठेवावी. ग्राहकाने त्या वेळी वेगळी संमती दिली तरच ती सुरू व्हावी, आणि किती रुपयांपर्यंत कापायचे हे त्याला ठरवता यावे.

५. नव्वद टक्क्यांची सूचना मराठीत, देवनागरीत यावी. तिच्यात शिल्लक, यापुढचा वेग, यापुढचा दर आणि स्वस्तात स्वस्त व्हाउचर एवढेच असावे. जाहिरात नको.

६. टॉवर सलग चार तासांपेक्षा जास्त बंद राहिला, तर त्या टॉवरवर नेहमी असणाऱ्या ग्राहकांना त्या दिवसाचा कोटा परत मिळावा. कोण कोणत्या टॉवरवर असते याची नोंद कंपनीकडे असतेच.

हे नियम येईपर्यंत वाचणाऱ्यांनी इतके करावे. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये "स्टोरेज आणि डेटा" उघडून मोबाईल डेटावरचे फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, कागदपत्रे या चारही खुणा काढा. प्ले स्टोअरचे ऑटो अपडेट "फक्त वायफाय" वर ठेवा. फोटोंचा बॅकअप मोबाईल डेटावर बंद करा. व्हिडिओची गुणवत्ता ४८० वर आणा. फोनचा डेटा सेव्हर चालू करा. टॉपअप टाकण्याआधी डेटाचे बटण बंद करा. महिन्यातून पाच-सहा वेळा ॲड-ऑन लागत असेल तर वरचा प्लॅन स्वस्त पडतो, दुकानदाराला हिशेब करून मागा. पैसे चुकीचे कापले गेले असे वाटले तर १९८ वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. निकाल पटला नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येते, त्याला पैसे लागत नाहीत.

महोदय, या विषयावर सल्लामसलतीचा मसुदा काढलात तर तो मराठीतही द्यावा आणि एक खुली सुनावणी नंदुरबारला घ्यावी. मर्यादेनंतरच्या वेगाची मोजणी, व्हाउचरच्या अटींच्या छापील प्रती आणि ग्राहकांच्या संमतीने त्यांच्या कापणीचे एसएमएस आम्ही तिथे आणून देऊ. सुनावणीची तारीख कळवावी.

आपले,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील काही मोबाईल रिचार्ज व दुरुस्ती दुकानदार